नावेच्या तळातलं भोक आणि ग्लँडची दोरी

 

आज विषय नावेचा आहे. नाव म्हणजे पुरुषांचं काम, असं काही जणी म्हणतील. पण डिझेलचे पैसे कोण देतं? रेशनची पोती, आजारी लेकरू, नववा महिना लागलेली सून, सगळं त्याच नावेतून जातं. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण, १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. आपल्या कित्येक पाड्यांना पावसाळ्यात दुसरी वाट नाही. त्याच वर्षी संक्रांतीला भुषा इथे नाव उलटली, लेकरं गेली. तेव्हापासून नावेत माणसं किती बसली हे आपण बघतो. फळीखाली पाणी किती साचलंय, हे मात्र कुणी बघत नाही.

चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० मध्ये स्वतः नाव वल्हवत बाळांचं वजन करायला आणि गरोदर बायांना भेटायला जात होत्या, हे तुम्ही ऐकलं असेल. वल्ह्याच्या नावेला तळात भोक नसतं. इंजिन आत बसवलेल्या नावेला असतं. इंजिनापासून मागच्या पंख्यापर्यंत लोखंडी दांडा जातो, त्याला शाफ्ट म्हणतात. तो नावेच्या अंगातून पाण्यात बाहेर पडतो. जिथून बाहेर पडतो तिथे पाणी आत येऊ नये म्हणून आतल्या बाजूला एक डबी असते, तिला ग्लँड म्हणतात. डबीत शाफ्टभोवती ग्रीस मुरवलेली चौकोनी दोरी बसवलेली असते. ज्यांच्या विहिरीवर पंप आहे, त्यांना ही डबी नवी नाही. पंपाच्या ग्लँडमधून टिपटिप पाणी गळतं ना, तोच प्रकार.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण इथेच जास्त घोटाळा होतो. नाव चालू असताना ग्लँडमधून थोडं पाणी टिपकलंच पाहिजे. त्या थेंबांनीच दोरी आणि शाफ्ट थंड राहतात. मिनिटाला दहा थेंब पडले तरी दिवसभरात लिटरभर होत नाही. आमच्या गटाच्या नावेला एकदा एका मिस्त्रीने नट असे आवळले की एक थेंबही येईना. सगळे खूश. चार फेऱ्यांत दोरी जळाली, शाफ्टवर चर पडला, आणि मग पाणी थांबेचना. चर पडलेल्या शाफ्टवर नवी दोरीही टिकत नाही. शाफ्टचा खर्च दोरीच्या कितीतरी पट.

नाव उभी असताना मात्र गळणं जवळपास बंद हवं. धार लागली तर हिशेब करा. पाच मिनिटांना एक लिटर आत आलं, तर बारा तासांच्या रात्रीत १४४ लिटर. म्हणजे दोन-तीन माणसं मागच्या टोकाला बसल्यासारखं वजन. मागचं टोक खाली जातं, ग्लँड आणखी खोल बुडते, आणि पाण्याचा जोर वाढतो.

आवळायचं कसं? डबीच्या दोन्ही बाजूंचे नट सारखेच फिरवायचे, एका वेळी नटाची एक बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा. मग काही मिनिटं इंजिन चालवायचं, बंद करायचं, आणि डबीला हात लावून बघायचं. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर नट थोडे ढिले करा. इंजिन बंद केल्यावरच, बरं का. चालू शाफ्टजवळ पदर, ओढणी, वेणी अजिबात नको. पदर खोचून मगच फळी उचला. शेवटी वरचा दुसरा नट, तो लॉकचा, घट्ट करायला विसरू नका, नाहीतर हादऱ्याने सगळं सैल होतं.

आवळूनही थांबेना, तर दोरी बदलायची वेळ झाली. हे काम उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर नाव काठावर ओढून करायचं. जुने वेटोळे सगळे काढायचे, एकही तुकडा आत राहू द्यायचा नाही. नवी दोरी शाफ्टभोवती मापून वेगवेगळ्या कड्या कापायच्या. एकच लांब दोरी गुंडाळत भरायची नाही, पाणी त्याच वाटेने आत येतं. कड्यांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका. पहिल्या काही तासांत नवी दोरी जास्त टिपकते, लगेच आवळू नका.

डबी आणि नावेच्या नळीमध्ये रबरी पाइप असेल तर तोही वाकवून बघा. भेगा दिसल्या की बदला. दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा असाव्यात, न गंजणाऱ्या. बुडालेल्या झाडाच्या खुंटाला पंखा आदळला, जाळ्याचा नायलॉन गुंडाळला गेला, तर शाफ्ट वाकतो आणि ग्लँड हादरायला लागते. अशा दिवशी फळी उचलून बघितल्याशिवाय पुढची फेरी नको.

आणि इंजिनाला शाफ्ट जोडणारे बोल्ट. ते सुटले आणि नाव मागे घेतली, तर शाफ्ट मागे सरकून बाहेर निघू शकतो, आणि मग अख्खं भोक उघडं. म्हणून ग्लँड आणि तो जोड यांच्यामध्ये शाफ्टवर एक मजबूत पट्टा आवळून ठेवावा. शाफ्ट मागे सरकलाच तर पट्टा डबीला अडतो.

आमच्या गटाच्या वहीत डिझेलच्या नोंदीशेजारी आता दोरीची जाडी लिहिलेली आहे. दुकानात गेल्यावर अंदाजाने आणलेली दोरी बसत नाही. नावेत एक बादली, एक पाना, जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि भोकाच्या मापाची मऊ लाकडाची खुंटी ठेवतो. खुंटी सुतळीने ग्लँडजवळच बांधलेली असते, अंधारात शोधावी लागू नये म्हणून.