मेनूची यादी : डोळ्यांसाठीं आणि कानांसाठीं



गांवोगांवच्या वाचनालयांचीं व शाळांचीं अनेक संकेतस्थळें वर्डप्रेस ह्या साधनावर उभीं आहेत. हें साधन २००३ सालीं निघालें. २०१८ च्या डिसेंबरांत ठोकळ्याला ठोकळा जोडून पान रचण्याची पद्धत, म्हणजे ब्लॉक एडिटर, त्यांत आली आणि २०२२ च्या जानेवारींत मेनूसाठींहि ठोकळा मिळाला. मेनू म्हणजे पानाच्या माथ्यावरची ती ओळ: मुखपृष्ठ, ग्रंथसूची, वेळा, संपर्क इत्यादि. ही ओळ नीट दिसली म्हणजे काम झालें, असा पुष्कळांचा समज आहे. तो मला मान्य नाहीं.

पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागें एचटीएमएलच्या खुणा असतात. मेनूभोंवतीं ‘नॅव्ह’ ह्या खुणेचें कुंपण, त्याच्या आंत ‘यूएल’ म्हणजे यादी, आणि यादींतील प्रत्येक नोंद ‘एलआय’ ह्या खुणेंत. यूएलच्या पोटांत नोंद म्हणून थेट एलआयच यावा, असा दंडक आहे. तो मोडला तरी ब्राउझर तक्रार करीत नाहीं आणि डोळस माणसाला कांहींच कळत नाहीं. कळतें तें अंध वाचकाला. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा त्याचा स्क्रीन रीडर यादीच्या उंबरठ्यावरच ‘सहा नोंदींची यादी’ असें सांगतो. हजेरीपटावरून मास्तराला वर्गाचा अंदाज यावा, तसा त्यावरून त्याला मेनूचा अंदाज येतो. पटावर नांव नाहीं आणि मुलगा मात्र बाकावर आहे, अशी स्थिति झाली कीं घोटाळा.

ब्लॉक एडिटरांत हा घोटाळा होण्याचें कारण मौजेचें आहे. एडिटरांत आपणांस दिसणारा मेनू जावास्क्रिप्ट रचते. वाचकाला मिळणारा मेनू सर्व्हरवर पीएचपी रचते. एकाच दस्तऐवजाची नक्कल एका कारकुनानें मोडींत व दुसऱ्यानें बाळबोधींत करावी, तसा हा प्रकार. त्या दोन्हीं नकला जुळत्या ठेवण्यासाठीं वर्डप्रेसच्या कर्त्यांना डोळ्यांत तेल घालून बसावें लागतें. बोधचिन्ह किंवा संस्थेचें नांव मेनूंत बसविलें, तर ते ठोकळे मूळचे एलआय नव्हेत. म्हणून पीएचपी त्यांस एलआयचें वेष्टन चढविते. शोधपेटी आली कीं मात्र ती चालू यादी तेथेंच बंद करिते, पेटी मांडते आणि पुढील दुव्यांसाठीं नवी यादी उघडते. हें नियमाला धरूनच आहे. परंतु परिणाम पाहा.

आमच्या वाचनालयाच्या मेनूंत सहा दुवे होते, आणि चिटणिसांच्या हौसेखातर शोधपेटी दुसऱ्या दुव्यानंतर. डोळ्यांना एकच ओळ. पण आमचा एक सभासद, माझाच जुना विद्यार्थी, दृष्टिहीन आहे. त्याच्या कानीं ‘दोन नोंदींची यादी’ एवढेंच येई. त्या दोहोंत ग्रंथसूची नव्हती. मेनू संपला असें समजून तो पुस्तकांची चौकशी फोनवर करी, आणि संकेतस्थळ असतांना हा फोन कशाला करतो, अशी मंडळींत कुरकुर होई. पेटी शेवटीं नेण्याचा निर्णय होण्यास दोन सभा लागल्या; नेण्यास मिनिटहि लागलें नाहीं.

माथ्यावर आणि तळाशीं तोच मेनू हवा असल्यास नवा करूं नये. जतन केलेला एकच मेनू दोन्हीं ठिकाणीं निवडावा, म्हणजे एक दुवा बदलला कीं दोन्हींकडे बदलतो. मेनूला नांवहि अर्थपूर्ण द्यावें, कारण तें नांव नॅव्हला लागतें व स्क्रीन रीडर तें उच्चारतो. ‘पेज लिस्ट’ ही पानांची आपोआप होणारी यादी सोयीची खरी. पण तिचें रूपांतर सुट्या दुव्यांत केलें, कीं पुढें नवें पान तींत आपण होऊन येत नाहीं. रंगरूपाचे नियम लिहिणाऱ्यानें ह्या दोन्हीं प्रकारांना समान असलेलें वर्गनामच धरावें. नाहीं तर रूपांतर होतांच ओळीची मांडणी विसकटते.

विंडोजवर चालणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो. तो सुरू करून आपलें पान उघडा, डोळे मिटा आणि ‘एल’ ही कळ दाबीत जा. पोटमेनू नसेल, तर मेनूंत यादीची घोषणा एकदांच ऐकूं आली पाहिजे. दोनदां आली, तर मध्यें कोणता ठोकळा शिरला आहे तें पाहा.