चुलीलाही श्वास हवा

माहूरच्या डोंगरात पावसाची झड लागली किंवा थंडी पडली, की आपण दारं-खिडक्या लावून चूल पेटवतो. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅस आला. तरी भाकरी आणि आंघोळीचं पाणी पुष्कळ घरांत अजून चुलीवरच होतं.

सरपण जळायला हवा लागते. धुराडं जेवढा धूर बाहेर ओढतं, तेवढी हवा बाहेरून आत यावी लागते. तिला वाट नसली तर धूर माघारी घरात फिरतो. ओळखायचं कसं? दार उघडलं की धूर कमी होतो, लावलं की वाढतो. असं होत असेल तर चुलीला हवा कमी पडते. तिथं फुंकणीनं भागत नाही.

उपाय सोपा आहे. चुलीच्या बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चार इंचांचं भोक पाडून घ्या. मातीची भिंत असेल तर गवंड्याला विचारा. तुळईखाली भोक नको. आत सिमेंटचा किंवा लोखंडी पाइप बसवा. जाळाजवळ प्लास्टिक वितळतं. पाइपाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. तोंडाला जाळी लावा, नाहीतर उंदीर, साप शिरतील. बाहेर तिथं उकिरडा, मोटारसायकल किंवा पऱ्हाट्यांचा ढीग नको. झोत सरळ जाळावर येऊ देऊ नका, ठिणग्या उडतात.

मग दार लावून चूल पेटवा आणि भोकाजवळ उदबत्ती धरा. तिचा धूर घराच्या आत वळला तर काम नीट झालं. बाहेर गेला, तर धुराडं काजळीनं तुंबलंय का ते बघा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला ना वास, ना रंग. पेटती शेगडी घेऊन बंद खोलीत कधीच झोपू नका. भिंतीला भोक असलं तरी नाही. डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं, तर आधी लेकरांना घेऊन बाहेर मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन लावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुरापायी जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. चुलीपुढं सगळ्यात जास्त वेळ आपणच बसतो, मांडीवर लेकरू घेऊन. तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींच्या घरी जाऊन ही उदबत्तीची परीक्षा घ्या.