मी पाहिलेले मंडाले
(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चार बायकांपुढे उभे राहून बोलायची ही माझी पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण मंडळाने आग्रह केला, "तुम्ही ब्रह्मदेश पाहून आलात, ते आम्हाला सांगा." तेव्हा जसे आठवते तसे सांगते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझे धाकटे दीर तेव्हा यांगूनला, म्हणजे आपल्या रंगूनला, नोकरीस होते. त्यांनी बोलावले म्हणून २०१९ च्या जानेवारीत आम्ही दोघे गेलो. इस्लापूरहून नांदेड, पुढे हैदराबाद, कोलकाता आणि तिथून विमानाने समुद्रापार. निघताना मामंजींनी जवळ बोलावले. ते जंगलखात्यातून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे, अंथरुणाला खिळलेले. रोज सकाळी 'गीतारहस्या'ची दोन पाने वाचल्याशिवाय चहा घेत नसत. म्हणाले, "सूनबाई, लोकमान्यांनी जिथे बसून हे लिहिले, तिथली चिमूटभर माती आण. माझे आता जाणे होत नाही."

मी हो म्हटले. हो म्हणायला काय लागते!

यांगूनहून रात्रभर बसने आम्ही मंडाल्याला पोचलो. मिंडॉन राजाने १८५७ साली वसवलेले हे शहर. जवळून इरावती नदी वाहते. मधोमध चौरस किल्ला, एकेक बाजू दोन किलोमीटरची, लाल विटांचा तट आणि भोवती पाण्याने भरलेला रुंद खंदक. याच किल्ल्यातल्या तुरुंगात लोकमान्यांना १९०८ साली नेऊन ठेवले. लाकडी कोठडी, उन्हाळ्यात आग आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी. शाई मिळत नसे, म्हणून १९१० च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहायला घेतले आणि काही महिन्यांत पुरे केले. छापून निघाले ते सुटून आल्यावर, १९१५ साली.

हे आपण शाळेत शिकलो. पण तिथे खंदकाकाठी उभी असताना मला आठवण झाली ती सत्यभामाबाईंची. पतीला काळ्या पाण्याची शिक्षा झालेली, वाट पाहता पाहता चार वर्षे गेली, आणि जून १९१२ मध्ये त्या पुण्यात वारल्या. लोकमान्यांना ती बातमी तुरुंगात कळली. ते सुटले १९१४ साली, तेव्हा घरी वाट पाहणारी नव्हती. त्या बाईच्या वाट्याला किती रात्री आल्या असतील, ते आपल्यासारख्या बायकांनाच कळेल.

आता दुसरी बाजू ऐका. इंग्रजांनी आपला माणूस तिकडे नेला, त्याआधी तिकडचा राजा आपल्याकडे आणून ठेवला होता. थिबा राजाला १८८५ साली याच राजवाड्यातून बैलगाडीत बसवून नदीकाठी नेले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणले. तीस वर्षे तिथे राहून १९१६ साली तो तिथेच वारला. राणी सुपयालत पुढे रंगूनला परतली. पण थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलून संसार करीत म्हातारी झाली. राजाची नात आपल्यासारखीच शेणाने सारवीत होती, असे म्हटले तरी चालेल.

किल्ल्यात आम्ही पूर्वेच्या दरवाजाने गेलो. परदेशी माणसाला तेवढाच दरवाजा मोकळा. आत सैन्याची वस्ती. सरळ रस्त्याने राजवाड्याला जायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे. जुना राजवाडा १९४५ च्या लढाईत जळाला, आता आहे तो नंतर बांधलेला. भाऊजींना तिथली भाषा थोडी येई. त्यांनी पहारेकऱ्याला जुन्या तुरुंगाचे विचारले. त्याने मान हलवली आणि रस्त्याकडे बोट दाखवले. आमची यात्रा तिथेच संपली. मला रडू आले. एवढ्या दुरून आले आणि हातात काही नाही! शेवटी बाहेर खंदकाकाठच्या झाडाखालची चिमूटभर माती घेतली आणि हळदीच्या पुडीसारखी कागदात बांधली. हे म्हणाले, "बाबांना कुठे कळणार आहे? तीच म्हणून दे." मी काही बोलले नाही.

राजवाडा जळाला तरी त्यातली एक इमारत वाचली. ज्या महालात मिंडॉन राजा वारला, तो थिबाने सोडवून बाहेर नेला आणि भिक्षूंचा मठ करून दिला. म्हणून तो आगीतून सुटला. सगळा सागवानी, खांबापासून छपरापर्यंत कोरलेला. आपण किनवटच्या सागाच्या मुलखातल्या बाया, आपल्याला लाकडाची पारख आहे. मी खांबावरून हात फिरवला आणि क्षणभर घरीच असल्यासारखे वाटले. जवळच अमरपुराला तळ्यावर १८५० च्या सुमाराचा सागवानी पूल आहे, एक किलोमीटरहून लांब, हजारावर खांबांचा. संध्याकाळी त्यावरून शाळेची मुले, सायकल हातात धरलेली माणसे, डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया जाताना पाहिल्या.

बाजारातले दोन शब्द सांगते. तिथल्या बाया गालाला थनाखा लावतात. झाडाच्या सालीचे खोड पाणी घालून दगडावर उगाळायचे, थेट आपल्या सहाणेवरच्या चंदनासारखे. आणि चहाची पाने आपल्या लोणच्यासारखी मुरवून, तीळ, शेंगदाणे, तळलेला लसूण घालून खातात. मला आवडले. यांनी चहा प्यायचा असतो म्हणून तोंड वाकडे केले!

आता एक गोष्ट मनाला लागली ती सांगते. तिथे सोन्याचा वर्ख करणारी घरे आहेत. पुरुष घणाने तासन् तास सोने कुटतात. मग बंद खोलीत बसून बाया तो वर्ख कापतात आणि कागदात ठेवतात. खोलीत पंखा नाही, कारण वाऱ्याने वर्ख उडतो. घामाने निथळत, श्वास आवरून काम चालते. तो वर्ख महामुनी बुद्धाच्या मूर्तीला लावतात. ही मूर्ती १७८४ साली अराकानहून आणलेली. इतका वर्ख चढला आहे की अंग फुगीर, ओबडधोबड झाले आहे. पण मूर्तीजवळ जायचे ते पुरुषांनीच. बायांनी कठड्याबाहेर बसायचे. मी वर्ख विकत घेतला आणि यांच्या हाती दिला. शेजारी एक म्हातारी हात जोडून बसली होती. माझ्याकडे पाहून हसली आणि तिने सरकून मला चटईवर जागा दिली. वर्ख कापणाऱ्या बायकांचे हात सोन्याला लागतात, देवाला लागत नाहीत. नावे ठेवायला मी ही गोष्ट सांगत नाही. आपल्याकडेही कितीतरी गाभाऱ्यांबाहेर आपण अशाच बसलो आहोत.

घरी आल्यावर मामंजींच्या हातावर पुडी ठेवली. खोटे बोलवेना. म्हटले, "मामंजी, तुरुंगाची जागा पाहू दिली नाही. ही किल्ल्याबाहेरची माती आहे." ते बराच वेळ पुडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरे झाले. लोकमान्यांना सहा वर्षे बाहेरची मातीच मिळाली नव्हती." त्या दिवशी त्यांनी मला सागाच्या मठाबद्दल तीनदा विचारले. दोन वर्षांनी ते गेले. ती माती आमच्या तुळशीत आहे.

पुढे २०२१ साली तिथे सैन्याने राज्य हाती घेतले, आणि भाऊजी परत आले. मार्च २०२५ मध्ये मंडाल्याला मोठा भूकंप झाला. हजारो माणसे गेली, महामुनीच्या देवळाचीही पडझड झाली. बातमी ऐकली तेव्हा मला ती चटईवरची म्हातारी आठवली. तिचे नाव मी विचारले नव्हते. त्या रात्री तिच्या नावाने, म्हणजे बिननावानेच, तुळशीपाशी एक जास्त दिवा लावला.

बहिणींनो, माझे सांगणे एवढेच. सहस्रकुंडाच्या पलीकडे जायची संधी आली तर घरकामाची सबब सांगू नका. आणि गेलात तर शेजारी बसलेल्या बाईचे नाव विचारायला विसरू नका.