एक टायर की जोडी?

बहिणींनो, पंढरपूर तालुक्यातल्या द्राक्षबागांत छोटे फोर बाय फोर ट्रॅक्टर चालतात. गटाच्या अशा ट्रॅक्टरचा पुढचा एक टायर फाटला, की ‘एकच घेऊ, पैसे वाचतील’ असं वाटतं. पण त्यात चारही चाकं गिअरनं जोडलेली असतात. झिजलेला टायर घेरानं लहान, तो जास्त फेरे घेतो; नव्याशी जुळत नाही अन् भार गिअरवर येतो.

म्हणून राहिलेल्या टायरात बरोबर हवा भरा, सुतळी गुंडाळून घेर मोजा आणि दुकानात नव्याशी ताडून बघा. फरक असेल तर त्याच मापाची जोडीच घ्या. मागचे टायरही मेकॅनिकला दाखवा. शेतात माती सैल, चाक घसरून ताण सुटतो. डांबरीवर सुटत नाही. तिथं फोर बाय फोर काढूनच चालवा.

जोडी महाग वाटेल, पण गिअर गेला तर गटाची बचतच जाईल.