प्रगतिपुस्तकाची वाट पाहूं नये

पनवेलहून सकाळच्या हार्बर गाडीनें मुंबईस कामाला गेलेले आईबाप घरीं परततात, तेव्हां मुलाची शाळा केव्हांच सुटलेली असते. अशा घरांत मूल अभ्यासांत मागें पडल्याची पहिली वार्ता पुष्कळदां प्रगतिपुस्तकच आणतें. आणि तोंवर अर्धें वर्ष सरलेलें असतें.

त्यांतहि ‘गणितांत कच्चा’ एवढ्या शेऱ्यावरून उपाय सुचत नाहीं. मूल हातचा घेण्यांत चुकतें, कीं उदाहरणाची भाषाच त्याला उमगत नाहीं, कीं फळ्यावरील अंक दिसत नाहींत, हें शिक्षकांना भेटून विचारल्यावांचून कळणें कठीण. पहिल्याला सराव हवा, दुसऱ्याला वाचन, तिसऱ्याला शिकवणी नव्हे, चष्मा.

अशी विचारपूस म्हणजे शाळेच्या कामांत ढवळाढवळ नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमानें पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी व प्रगति त्यांना सांगणें, आणि जरूर तेथें जादा शिकविणें, हें शिक्षकांचें कर्तव्यच ठरविलें आहे. शिवाय २०२३ मध्यें महाराष्ट्रानें नियम बदलल्यापासून पांचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेंत, आणि नंतरच्या पुनर्परीक्षेंतहि, अनुत्तीर्ण झालेल्या मुलास त्याच वर्गांत राहावें लागतें. निकालानंतर हातीं उरणारा अवधि दोन महिन्यांहून अधिक नसतो.

म्हणून महिन्यांतून एकदां, दहाच मिनिटें कां होईनात, शिक्षकांची भेट घ्यावी. गुण किती, हें न विचारतां काय अडतें, हें विचारावें. आणि घरीं आल्यावर त्या उत्तराचें मुलाला दूषण न देतां, त्याच्या शेजारीं वही उघडून बसावें.