शनवार तेल्यांचा सातवा दिवस

‘घाण्याचा बैल’ हा शब्दप्रयोग मराठी माणसाच्या तोंडीं इतका रुळला आहे, कीं तो उच्चारतांना प्रत्यक्ष बैल कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. डोळ्यांवर झांपड, मानेवर जूं आणि दिवसभर त्याच वर्तुळांत फिरणें. कित्येक कोस चालून झाले तरी जागा म्हणून सुटत नाहीं. संसारांत पिचलेला गृहस्थ स्वतःला या बैलाची उपमा देतो आणि सुस्कारा टाकून पुन्हां कामाला लागतो. कोंकणांत मात्र एके काळीं असे कांहीं तेली होते, कीं ज्यांच्या घाण्याचा बैल सात दिवसांतून एक दिवस मोकळा असे. शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

हे लोक म्हणजे जुन्या कुलाबा, आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील बेने इस्रायल. त्यांची परंपरा असें सांगते, कीं पूर्वजांचें गलबत नवगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढीं वांचलीं आणि बरोबरचें सर्व कांहीं समुद्रानें घेतलें. हें किती शतकांपूर्वीं घडलें याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. प्रस्तुत विषयाला त्याची फारशी जरूरीहि नाहीं. पिढ्यान् पिढ्या या लोकांपाशीं ना ग्रंथ होता, ना प्रार्थनामंदिर. हिब्रू भाषेचा विसर पडला, मराठी मातृभाषा झाली. रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर, अशीं गांवांवरून आडनांवें पडलीं. मग उरलें काय? मुलाची आठव्या दिवशीं सुंता, पर व खवले असलेलेच मासे खाण्याचा नियम, ईश्वर एकच आहे असें घोषित करणारा ‘शेमा’ हा हिब्रू मंत्र, आणि शनिवारीं घाणा बंद.

शेजाऱ्यांना त्यांत नवल वाटलें नाहीं. महादेवाचा वार म्हणून सोमवारीं घाणा न चालविणारे हिंदु तेलीहि होते. ते सोमवार तेली, हे शनवार तेली. गांवाच्या हिशेबीं प्रश्न मिटला. परंतु हातावर पोट असलेल्या माणसानें आठवड्याच्या कमाईचा सातवा हिस्सा दर आठवड्यास सोडावा, आणि तोहि ज्याचें लेखी कारण आपल्यापाशीं उरलेलें नाहीं अशा आज्ञेसाठीं, ही गोष्ट लहान म्हणतां येणार नाहीं.

तें लेखी कारण ‘तोरा’मध्यें, म्हणजे मोशेच्या पांच ग्रंथांत आहे. त्यांत दहा आज्ञा दोनदां सांगितल्या असून सातव्या दिवसाचें कारण दोन्ही ठिकाणीं निराळें दिलें आहे. ‘निर्गम’ या ग्रंथांत तें सृष्टीच्या उत्पत्तीचें आहे: ईश्वरानें सहा दिवस निर्मिति केली व सातव्या दिवशीं तो थांबला, म्हणून मनुष्यानेंहि थांबावें. ‘अनुवाद’ या ग्रंथांत तें इतिहासाचें आहे. इस्रायली लोक मिसर देशांत गुलाम होते व तेथून त्यांची सुटका झाली, याची आठवण ठेवून त्यांनीं हा दिवस पाळावयाचा. गुलाम तो, ज्याचा एकहि दिवस त्याच्या स्वतःचा नसतो. म्हणूनच या आज्ञेंत केवळ घरधन्याला विसांवा सांगितलेला नाहीं. मुलगा, मुलगी, दास, दासी, वेशीच्या आंत राहणारा परका मनुष्य, एवढेंच नव्हे तर बैल आणि गाढव यांचींहि नांवें त्यांत आलीं आहेत. स्वतः आरामांत बसून गड्याला राबविणारा मनुष्य ही आज्ञा पाळीत नाहीं. तो फक्त मिसरच्या राजाची जागा घेतो.

हाच विचार पुढें वर्षांनाहि लावलेला आहे. सातव्या वर्षीं जमीन पडीत ठेवावी आणि ऋणकोचें कर्ज सोडून द्यावें, असें मोशेच्या ग्रंथांत सांगितलें आहे. बैल, जमीन, कर्जदार. मनुष्य ज्यांना ज्यांना ‘माझें’ म्हणतो, त्यांच्यावरची त्याची पकड ठराविक काळानें सैल व्हावी, अशी ही योजना आहे.

जीवनाला अर्थ कशानें येतो, हा प्रश्न यहुदी धर्मवेत्त्यांना विचारला असतां ते सहसा तत्त्वाची व्याख्या सांगत नाहींत. करावयाचें एखादें कृत्य दाखवितात. संसार सोडून जाणें हें त्यांचें उत्तर नव्हे. ज्या आज्ञेंत सातव्या दिवशीं थांबण्यास सांगितलें, तिच्यांतच सहा दिवसांच्या श्रमाचाहि उल्लेख आहे. सुमारें इ. स. २०० मध्यें सिद्ध झालेल्या ‘मिश्ना’ या संहितेंत शब्बाथच्या दिवशीं वर्ज्य अशीं ३९ प्रकारचीं कामें मोजलीं आहेत: नांगरणें, पेरणें, कापणी, पीठ मळणें, विणणें, लिहिणें, विस्तव पेटविणें इत्यादि. ही यादी पाहून हंसूं येण्याचा संभव आहे. घरांतल्या घरांत जड खुर्ची उचलून ठेवण्यास हरकत नाहीं, आणि दोन अक्षरें लिहिलीं तर मात्र दोष! पण थोडा विचार केला असतां ध्यानांत येतें, कीं येथें घाम गाळण्याला बंदी नसून जगांत फेरफार करण्याला बंदी आहे. सहा दिवस मनुष्य जगाला स्वतःच्या सोयीप्रमाणें वळवितो. एक दिवस त्यानें तें आहे तसें असूं द्यावें. त्यांतहि कोणाच्या जिवावर बेतलें असेल, तर हे सर्व नियम बाजूस सारून धांव घ्यावी, अशी स्पष्ट मोकळीक, किंबहुना सक्ति, आहे.

हा दिवस सुतकी चेहऱ्याचाहि नव्हे. त्याचा प्रारंभ शुक्रवारीं सायंकाळीं होतो. गृहिणी दिवे लावते, दोन पाव झांकून ठेवतात, द्राक्षरसावर आशीर्वाद म्हणतात. बेने इस्रायलांच्या घरीं त्या ठिकाणीं मनुकांचें सरबत असे. शनिवारीं रात्रीं आकाशांत तीन तारे दिसले म्हणजे तो दिवस संपतो. त्याला निरोप देतांना सुगंधी मसाल्याचा वास घेण्याची चाल आहे.

अब्राहम जोशुआ हेशेल या पंडितानें १९५१ सालीं शब्बाथवर एक छोटेंसें पुस्तक लिहिलें. मनुष्य अवकाश जिंकण्यासाठीं, म्हणजे जागा व वस्तु मिळविण्यासाठीं, आपला काळ खर्च करतो. पावित्र्य मात्र यहुदी धर्मानें स्थळापेक्षां काळांत अधिक पाहिलें, असें त्यांत प्रतिपादन आहे. हेशेल वॉर्साचे. १९३९ सालीं जर्मनांची स्वारी होण्यापूर्वीं थोडे दिवस ते पोलंडबाहेर पडले. त्यांच्या निकटच्या आप्तांपैकीं अनेकांचा तेथें अंत झाला. देवळें आणि घरें जाळतां येतात हें ज्यानें पाहिलें, त्यानें तसें लिहावें यांत आश्चर्य नाहीं. विसांव्यावर लिहिणारा हाच वृद्ध १९६५ सालीं अमेरिकेंत सेल्मा येथें मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर निग्रो लोकांच्या मताधिकारासाठीं मोर्चांत चालला, हेंहि विसरतां कामा नये.

कोंकणांतल्या तेल्यांची गोष्ट पुढें मुंबईस आली. अठराव्या शतकापासून बेने इस्रायल कंपनीच्या पलटणींत शिरले. सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर उभारलें. हिब्रूचें ज्ञान आलें, ग्रंथ आले, मुलांसाठीं शाळा निघाली. ज्या आज्ञेचें कारण आजोबाला सांगतां येत नव्हतें, तें नातू मुखोद्गत म्हणूं लागला. पण नातू आतां रेल्वेंत किंवा कचेरींत कारकून होता, आणि तेथें शनिवार हा कामाचा दिवस होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १८९० सालीं गिरणीकामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. हा मोठाच विजय होता. पण ती सुट्टी रविवारची, लोखंड्यांच्या शब्दांत खंडोबाच्या वाराची. शनिवार पाळूं इच्छिणाऱ्यानें नोकरी सोडावी कीं शब्बाथ, हा पेंच तसाच राहिला, आणि पुष्कळांनीं पोटाकडे पाहून कचेरीची वाट धरली. त्यांना दोष देणें सोपें आहे. घाणा तेल्याच्या मालकीचा होता, म्हणून तो बंद ठेवणें त्याच्या हातीं होतें. कचेरी कारकुनाच्या मालकीची नव्हती. ग्रंथ हातीं येण्याला आणि दिवस हातचा जाण्याला एकच काळ लागावा, हा या समाजाच्या इतिहासांतील चटका लावणारा योग आहे.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायल देशांत गेले. तेथें शनिवारच्या सुट्टीसाठीं कोणाची विनवणी करावी लागत नाहीं. महाराष्ट्रांत आज कांहीं हजार मंडळी आहेत. अलिबागच्या इस्रायल आळींत ‘मागेन आबोथ’ हें मंदिर उभें आहे. सामुदायिक प्रार्थनेस परंपरेनें दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि कोंकणांतल्या गांवीं तेवढे जमणें आतां दुर्घट झालें आहे. शुक्रवारच्या दिव्यांना मात्र अशी अट नाहीं; ते घरींच, सूर्यास्ताच्या थोडें आधीं लावले जातात.