संध्याकाळच्या बातम्यांचा आवाज

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात नांदे येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी एखाद्या कर्तबगार व्यक्तीच्या चरित्राविषयी चार शब्द बोलण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम मंडळाने आमच्याकडे सोपविले आणि आम्ही विषय घेतला तो मुंबई दूरदर्शनचे वृत्तनिवेदक कै. प्रदीप भिडे यांचा. हे ऐकताच एका गृहस्थांनी आम्हांस विचारले, "भिडे आपल्या ज्ञातीचे काय हो?" आम्ही त्यांस उलट विचारले, "इतकी वर्षे रोज संध्याकाळी आपण त्यांना घरात घेतलेत, तेव्हा हा प्रश्न कधी मनात आला होता काय?" गृहस्थ हसले आणि म्हणाले, "नाही बुवा, तेव्हा नुसते ऐकत होतो."

ज्याला घरोघरी नुसते ऐकले जाते व ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो, अशा माणसाचा अभ्यास आपल्यासारख्या मंडळाने अवश्य करावा, असे आम्हांस वाटते. या विषयामागे आमचे स्वतःचे एक कारणही आहे. ते शेवटी सांगू.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपणामुळे पुण्याच्या परिसरात चित्रे दिसू लागली. आपल्या या गावी दूरचित्रवाणीचा संच आला तो त्यानंतर बऱ्याच काळाने. ज्यांच्या घरी तो आला त्यांच्या ओसरीवर संध्याकाळी निम्मी आळी जमत असे. कौलांवरच्या अँटेनाचे तोंड सिंहगडाकडे करून एकाने वर उभे राहावे, दुसऱ्याने अंगणातून "आले, आले, गेले!" असे ओरडावे, हा नित्याचा सोहळा. बातम्या लागल्या की मात्र वडील मंडळी पोरांना गप्प करीत. शेतकऱ्यास पावसाची बातमी हवी असे, नोकरदारास महागाईभत्त्याची, आणि सर्वांसच राज्यात काय घडले ते आपल्या भाषेत समजावयास हवे असे.

त्या पडद्यावरील पहिल्या पिढीतील नावे आजही ज्येष्ठांच्या स्मरणात आहेत. डॉ. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, चारुशीला पटवर्धन, ज्योत्स्ना किरपेकर, पुढे रंगभूमी गाजविणाऱ्या भक्ती बर्वे आणि पुढे चित्रपटसृष्टीत अखिल भारतीय कीर्ती मिळविणाऱ्या स्मिता पाटील. या सर्वांनी मराठी बातम्या वाचल्या. काहींची वाट लवकरच दुसरीकडे वळली. भिडे मात्र त्या आसनावर दीर्घकाळ टिकले. सत्तरीच्या दशकात ते दूरदर्शनवर आले आणि जवळजवळ चार दशके महाराष्ट्राने त्यांचा भारदस्त, संथ आवाज ऐकला. काळ्या-पांढऱ्या चित्राची जागा १९८२ नंतर रंगीत चित्राने घेतली. एका वाहिनीच्या पुढे शेकडो वाहिन्या झाल्या. भिडे यांची वाचण्याची रीत बदलली नाही. ७ जून २०२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते, अशा माणसांनाही घरातले कोणी गेल्यासारखे वाटले.

त्यांचे वृत्तपत्रविद्येचे शिक्षण आपल्या पुण्यातच, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये झाले होते. बातम्या वाचणे हा त्यांचा एकमेव व्यवसाय नव्हता. खाजगी कंपनीत जनसंपर्काचे काम त्यांनी केले. माहितीपटांना व जाहिरातींना आवाज दिला. समारंभांचे सूत्रसंचालन केले. आवाजाची देणगी निसर्गाची असली, तरी ती पोटापाण्याची विद्या होते ती शिक्षणाने व रोजच्या मेहनतीने, हे त्यांच्या आयुष्यावरून ध्यानात येते.

आता कोणी म्हणेल, लिहून दिलेला कागद वाचावयाचा, त्यात विद्या ती कोणती? बातमी लिहितात वार्ताहर, तिच्यावरून हात फिरवितात संपादक. निवेदक केवळ मुख. हे खरे आहे, आणि त्या पडद्यामागच्या मंडळींचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. पण त्या मुखाचे काम सोपे नाही. पूर्वी हातातील कागदावरून वाचावे लागे आणि मधून मधून नजर वर करून प्रेक्षकांकडे पाहावे लागे. समोर मजकूर सरकविणारे टेलिप्रॉम्प्टर नावाचे यंत्र पुढे आले. बातमीपत्र चालू असताना नवा कागद हाती येई. तो आधी डोळ्यांखालून घालण्यासही उसंत नसे.

शिवाय मराठीचे उच्चार! 'चार' म्हणजे संख्या आणि 'चारा' म्हणजे गुरांचे खाद्य. दोन्हींतला 'च' लिहावयास एक, बोलावयास दोन. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. अक्षरे तीच, उच्चार निराळा. 'न' व 'ण' यांचा भेद राखला नाही, तर आपल्या शेजारच्या माण गावाची मान होऊन बसते. निवेदकाने गावाचे नाव चुकविले, तर त्या गावचा माणूस उरलेल्या बातमीवर विश्वास कसा ठेवणार? आपले नाव नीट उच्चारले जावे ही अपेक्षा लहान माणसाचीही असते, आणि ती पुरी करणे हा त्याचा सन्मान होय.

दुसरी कसोटी संयमाची. भूकंप असो की निवडणुकीचा निकाल, निवेदकाने आपला हर्ष व शोक आवरून वाचावे. प्रेक्षकाने काय वाटून घ्यावे हे प्रेक्षकावर सोपवावे. भिडे यांच्या वाचनात आरडाओरड नसे, पण कोरडेपणाही नसे. मृत्यूची बातमी आली की आवाज किंचित खाली येई, एवढेच.

येथे आमच्याच घरातील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका वृद्ध नातलगांचे निधन झाल्याचा निरोप भ्रमणध्वनीवर आला. आम्ही तो न पडताळता कुटुंबाच्या गटावर पुढे पाठविला आणि खाली दोन ओळी श्रद्धांजलीच्याही लिहिल्या. मुंबईची मंडळी रातोरात गाडी करून निघाली. पहाटे दार वाजविले, तर दार उघडावयास स्वतः तेच गृहस्थ! निधन झाले होते ते त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचे. पुरुषमंडळी हसली; पण त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांचे पाणी थांबेना. "एक फोन करून विचारायचे होते, भाऊजी," एवढेच त्या आम्हांस म्हणाल्या. ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही.

अशी चूक मोठमोठ्यांकडूनही झालेली आहे. १९७९ च्या मार्च महिन्यात जयप्रकाश नारायण यांचे निधन झाल्याचे खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत सांगितले आणि आकाशवाणीनेही ते वृत्त दिले. जयप्रकाशजी त्या वेळी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात जिवंत होते. ते निवर्तले ८ ऑक्टोबर १९७९ रोजी. याच्या उलट ३१ ऑक्टोबर १९८४ चा दिवस. इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. परदेशी नभोवाणीने निधनाचे वृत्त दिवसाच दिले. आपल्या सरकारी माध्यमांनी ते अधिकृतपणे सांगितले संध्याकाळी. दिल्लीच्या दूरदर्शनवर ते सलमा सुलतान यांनी वाचले. पहिल्या प्रसंगी घाई झाली, दुसऱ्या प्रसंगी विलंब. आणीबाणीत तर सरकारला नको ती बातमी दाबलीच जात असे. तेव्हा जुने ते सर्व सोने, असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. सरकारी बातमीपत्रास मर्यादा होत्या आणि त्या निवेदकाच्या हाती नव्हत्या.

परंतु जेवढे त्याच्या हाती होते, तेवढे त्याने चोख करावे; शुद्ध बोलावे, समजून वाचावे, पदरचे काही घालू नये. एवढे पथ्य भिडे यांनी जन्मभर पाळले. आज परिस्थिती अशी आहे, की प्रत्येक घरात प्रत्येकाच्या खिशात एक वृत्तकेंद्र आहे आणि आपण सारेच निवेदक झालो आहोत. मात्र ते पथ्य कोणी आपल्याला शिकविलेले नाही.

आता ते राहिलेले कारण. मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीपुढे मागील वर्षी आपल्याच समाजातील एका मुलीचा अर्ज आला होता. तिला वृत्तपत्रविद्या शिकून मराठी बातम्यांच्या क्षेत्रात जावयाचे होते. समितीने अर्ज नामंजूर केला. शिष्यवृत्ती वैद्यकी, अभियांत्रिकी अशा 'उपयोगी' शिक्षणासाठी आहे, असे कारण दिले गेले. ते वाक्य आमचे होते. नुसते बोलण्याने पोट भरत नाही, असेही आम्ही वर म्हणालो. वास्तविक त्या पहाटेचा प्रसंग आमच्या पदरी होता. चुकीच्या शब्दाने घराची काय अवस्था होते, ते आम्ही पाहिलेले होते. मग खरा शब्द नीट सांगणारे माणूस तयार करणे निरुपयोगी कसे? या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही.

म्हणून आम्ही अध्यक्षमहाशयांस विनंती करतो, की यंदापासून एक शिष्यवृत्ती भाषा व वृत्तविद्येच्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी आणि त्या मुलीचा अर्ज पुन्हा विचारात घ्यावा. पहिल्या वर्षाचा निम्मा भार आम्ही उचलू. तिच्या वडिलांची आम्ही काल घरी जाऊन भेट घेतली व झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. ती मुलगी आज या सभेत मागच्या रांगेत बसलेली आहे. तिने केव्हातरी बातम्या वाचाव्यात, आपल्या नांदे गावाचे नाव स्वच्छ उच्चारावे, आणि ऐकणाऱ्याने तिची ज्ञाती न विचारता तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा, एवढी आमची इच्छा आहे.